वुडकटमधला रोम: जुन्या छापील पुस्तकांतल्या चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १४७० ते १५८० या काळात युरोपात छापलेल्या पुस्तकांमध्ये प्राचीन रोमच्या इतिहासाची शेकडो चित्रं सापडतात. रोम्युलस-रीमस, लूक्रेशिया, हॅनिबल, सीझर, नीरो, सगळे त्यांत आहेत. आता मोठ्या ग्रंथालयांनी ही पुस्तकं पानन् पान स्कॅन करून ठेवल्यामुळे ती घरबसल्या पाहता येतात. पण पाहणारा पहिल्याच पानावर अडखळतो, कारण या चित्रांतले रोमन लोक रोमन दिसतच नाहीत. मला लोकांनी वेळोवेळी विचारलेले आणि मला स्वतःला पडलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

वुडकट म्हणजे नेमकं काय?

नाशपातीसारख्या घट्ट पोताच्या लाकडाची रंधून गुळगुळीत केलेली फळी घ्यायची, तिच्यावर शाईनं चित्र रेखाटायचं आणि मग रेषा सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. रेषा उठावात राहतात, त्यांना शाई लागते आणि कागदावर त्याच उमटतात. कापडावर छपाई करणाऱ्यांचे ठसे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच कळेल.

ऐकायला सोपं वाटतं, पण हातानं करून पाहिल्यावर त्यातली मेहनत कळते. एक बारीक रेषा सोडवायची तर तिच्या दोन्ही बाजूंनी चाकू तिरका फिरवावा लागतो. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हात सहज जातो, आडवा गेलात की रेषेचा कपचा उडतो. गालावरची एक छटा दाखवायची म्हणजे पाच-सहा समांतर रेषा, आणि प्रत्येक दोन रेषांमधलं लाकूड न तुटता बाहेर काढायचं. पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रात दाढीचे केस मोजता येतात तेव्हा ते कोरणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

छापील पुस्तकात लाकडी ठसाच का वापरत?

कारण छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, हेही उठावाचेच असतात. ठशाची उंची खिळ्यांएवढी ठेवली की दोन्ही एकाच फर्म्यात आवळता येतात, एकाच वेळी शाई लागते आणि एकाच दाबात मजकूर नि चित्र दोन्ही उमटतात. तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीव काम याच्या उलट चालतं. तिथे शाई खाचेत बसते आणि ती वर ओढायला रुळांचं वेगळं यंत्र लागतं. त्यामुळे तोच कागद दोनदा छापावा लागतो आणि खर्च वाढतो.

सर्वांत जुनी उदाहरणं कोणती?

खिळ्यांचा मजकूर आणि लाकडी चित्रं एकत्र आणण्याचा मान बांबेर्गच्या आल्ब्रेख्त फिस्टरला दिला जातो. त्याची पुस्तकं १४६१च्या सुमाराची आहेत, पण त्यांचा रोमशी संबंध नाही. इटलीतलं पहिलं सचित्र छापील पुस्तक १४६७ मध्ये खुद्द रोम शहरात निघालं, तेही धार्मिक चिंतनाचं होतं.

प्राचीन रोम चित्रांत येतो तो १४७० नंतर. १४७२ मध्ये व्हेरोनात रोबेर्तो व्हाल्तूरियोचा युद्धशास्त्रावरचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. त्यात तटावर चढायच्या शिड्या, बुरूज, दगडफेकी यंत्रं आणि तोफासुद्धा आहेत. लेखकाला सांगायची होती प्राचीनांची युद्धकला, चित्रांत मात्र त्याच्या काळातली यंत्रंही घुसली. लगेच १४७३ मध्ये जर्मनीतल्या उल्म गावी योहान झाइनरनं बोकाच्चोचा प्रसिद्ध स्त्रियांच्या चरित्रांचा ग्रंथ काढला, आधी लॅटिनमध्ये आणि मग हाइनरिश श्टाइनहोवेलच्या जर्मन भाषांतरात. या चरित्रांत रोमन स्त्रिया बऱ्याच आहेत. माझ्या दृष्टीनं या विषयाची खरी सुरुवात तिथे होते, कारण यंत्रांच्या जागी माणसं आली आणि त्यांची गोष्ट आली.

लिव्ही हा रोमचा सर्वांत मोठा इतिहासकार. त्याच्या पहिल्या छापील आवृत्तीत चित्रं का नाहीत?

लिव्हीची पहिली छापील आवृत्ती १४६९ च्या सुमारास रोममध्ये स्वाइनहाइम आणि पान्नार्ट्झ या दोन जर्मन मुद्रकांनी काढली. ती लॅटिनमध्ये होती आणि विद्वानांसाठी होती. विद्वानाला शुद्ध पाठ हवा होता. श्रीमंत गिऱ्हाईक असेलच तर तो छापलेल्या प्रतीवर चित्रकाराकडून हातानं सोनेरी नक्षी काढून घेई. लाकडी ठशाचं चित्र त्या वर्तुळात जरा हलकं समजलं जात होतं.

चित्रं आली ती लोकभाषेबरोबर. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिला भरगच्च सचित्र लिव्ही १४९३ मध्ये व्हेनिसला निघाला आणि तो इटालियनमध्ये होता. १५०५ मध्ये माइंझला निघालेला सचित्र लिव्ही जर्मनमध्ये होता. ज्याला लॅटिन येत नाही पण घरात पैसा आहे आणि वाचायची हौस आहे असा व्यापारी, नगरसभेचा सदस्य, सरदार, हा नवा वाचक. इतिहास त्याच्या भाषेत आला आणि सोबत चित्र घेऊन आला.

व्हेनिसच्या १४९३ च्या लिव्हीत काय बघावं?

लुकांतोनियो जुंता हा प्रकाशक. त्यानं १४९० मध्ये इटालियन बायबल काढलं होतं, शेकडो लहान चित्रांचं. ते चाललं आणि त्याच घाटात त्यानं लिव्ही काढला. पान मोठं, मजकूर दोन रकान्यांत, आणि रकान्याच्या रुंदीएवढी छोटी छोटी चित्रं. एवढ्याशा जागेत सैन्य नदी ओलांडतं, सिनेट बसते, दूत गुडघे टेकतो. छटा जवळजवळ नाहीतच, नुसती स्वच्छ बाह्यरेषा.

नीट पाहिलंत तर काही चित्रांच्या तळाशी एक बारीक ‘एफ’ अक्षर दिसतं. हे चितारणाऱ्याचं की कोरणाऱ्याचं की कारखान्याचं, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. मला ते कोरणाऱ्याच्या बाजूचं वाटतं, कारण बायबलमध्ये ‘बी’ अक्षर असंच दिसतं आणि एकाच अक्षराखालच्या चित्रांत रेखाटन कमीजास्त असलं तरी चाकूचा हात सारखा वाटतो.

त्याच पुस्तकात एकच लढाई पुन्हा पुन्हा दिसेल. वेढा, घोडदळ, शरणागती अशा प्रसंगांचे ठसे तयार होते, मजकुरात तसा प्रसंग आला की ते लावले जायचे. लिव्हीच्या इतिहासात लढायांना तोटा नाही, त्यामुळे ठसे भरपूर राबले.

चित्र काढणारा आणि कोरणारा एकच असे का?

बहुतेक वेळा नाही. जर्मन गावांत रेखाटणारा वेगळा, ठसा कोरणारा वेगळा आणि छापलेल्या चित्रात रंग भरणारा वेगळा, असे स्वतंत्र व्यवसाय होते. १५६८ मध्ये फ्रँकफुर्टला योस्ट आमाननं निरनिराळ्या व्यवसायांचं एक चित्रमय पुस्तक केलं, त्याला हान्स झाक्सच्या कविता होत्या. त्यात रेखाटणारा आणि कोरणारा यांची दोन वेगळी पानं आहेत.

चित्रकारांशी करार कसा होई याचं उत्तम उदाहरण न्यूरेंबर्गचं आहे. हार्टमान शेडेलच्या जागतिक इतिहासासाठी मिखाएल वोल्गेमूट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ या चित्रकारांशी १४९१ मध्ये करार झाला. पैसा झेबाल्ट श्रायर आणि झेबास्टियान कामरमाइस्टर यांनी घातला आणि छपाई आंटोन कोबेर्गरनं केली. छापखान्यात कुलूप लावता येईल अशी खोली द्यायची, म्हणजे चित्रांची चोरी होणार नाही, असंही ठरलं होतं. पानाची मांडणी कशी करायची याच्या हातानं केलेल्या कच्च्या प्रती आजही न्यूरेंबर्गमध्ये जपलेल्या आहेत. तरुण आल्ब्रेख्त ड्यूरर १४८६ ते १४८९ याच वोल्गेमूटच्या कारखान्यात शिकत होता.

रोमन लोकांच्या अंगावर पंधराव्या शतकातले कपडे का? चित्रकारांना माहीत नव्हतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्याचं ‘अज्ञान’ हे एका शब्दातलं उत्तर मला पटत नाही.

अज्ञान काही प्रमाणात होतंच. न्यूरेंबर्ग किंवा स्ट्रासबर्गच्या चित्रकारानं रोममधले पुतळे आणि विजयस्तंभ डोळ्यांनी पाहिलेले नसत. पण इटलीतल्या चित्रकारांच्या दारात अवशेष पडले होते, तरी त्यांचेही रोमन सैनिक अनेकदा त्यांच्याच काळातल्या पोशाखात दिसतात. म्हणजे आणखी काही कारणं हवीत.

पहिलं कारण वाचकाचं. चित्रातला माणूस कोण हे एका नजरेत कळायला हवं. उंची झगा म्हणजे श्रीमंत, लोखंडी चिलखत म्हणजे सरदार, आखूड अंगरखा म्हणजे नोकर. टोगा, म्हणजे रोमनांचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, घातलेला माणूस काढला असता तर त्या वाचकाला तो राजा की पुरोहित हे समजलं नसतं.

दुसरं कारण राजकीय आहे आणि जर्मन पुस्तकांत ते फार ठळक दिसतं. तिथल्या लोकांच्या मते रोमन साम्राज्य संपलेलंच नव्हतं. ते जर्मन राजांकडे चालत आलं होतं. माक्सिमिलियन १४८६ मध्ये निवडला गेला तो ‘रोमनांचा राजा’ म्हणून. मग सीझरच्या डोक्यावर त्याच घाटाचा मुकुट आणि रोमन फौजेच्या निशाणावर दोन डोक्यांचा गरुड दिसला तर ते त्यांच्या हिशेबी बरोबरच होतं. सीझर हा त्यांच्या सम्राटाचा पूर्वज. १५०७ मध्ये स्ट्रासबर्गला सीझरच्या युद्धवृत्तांताचं पहिलं जर्मन भाषांतर निघालं. ते मातियास रिंगमाननं केलं होतं आणि त्याच्या शीर्षकातच ज्यूलियसला ‘पहिला रोमन सम्राट’ म्हटलं आहे. सीझर कधी सम्राट नव्हता हे आपण शाळेत शिकतो. त्यांच्यासाठी वंशावळ तिथूनच सुरू होत होती.

तिसरं कारण उपदेशाचं. शीलासाठी जीव देणाऱ्या लूक्रेशियाची गोष्ट सांगायची ती घरातल्या बायकामुलींना, शत्रूपुढे आपला हात विस्तवात धरणाऱ्या म्युशियसची गोष्ट सांगायची ती नगराच्या रक्षणासाठी उभ्या राहणाऱ्या तरुणांना. ही माणसं आपल्यासारखी दिसली तरच बोध पोचणार.

म्हणून ही चित्रं मी रोमचा पुरावा म्हणून बघत नाही. १५०० सालच्या माणसानं रोम कसा वाचला याचा मात्र याहून चांगला पुरावा दुसरा सापडत नाही.

एकाच चित्रात एकच माणूस दोनदा का दिसतो?

गोष्ट पुढे सरकवण्यासाठी. उल्मच्या १४७३ च्या पुस्तकातली क्लिओपात्रा पाहा. एका बाजूला ती अँटनीसोबत जेवायला बसली आहे आणि त्याच चौकटीत दुसरीकडे तिच्या हातांना साप डसले आहेत. मध्ये रेघ नाही की पडदा नाही. कोण कोणता हे चुकू नये म्हणून या पुस्तकात पात्रांची नावं चित्रातच, त्यांच्या शेजारी कोरलेली असतात. वाचणाऱ्याचा डोळा डावीकडून उजवीकडे गेला की वर्षं उलटतात. चित्रकथीच्या पोथ्या पाहिलेल्या माणसाला चित्र असं वाचणं अवघड जाऊ नये.

न्यूरेंबर्गच्या इतिहासात वेगवेगळ्या सम्राटांना एकच चेहरा आहे, हे खरं का?

खरं आहे. शेडेलच्या १४९३ च्या या पुस्तकात १८०९ चित्रं आहेत आणि ती ६४५ ठशांमधून छापली आहेत, अशी मोजदाद केली गेली आहे. म्हणजे सरासरीनं प्रत्येक ठसा जवळपास तीनदा वापरला गेला. प्रत्यक्षात काही ठसे एकदाच आले आणि काही ठशांना विश्रांतीच मिळाली नाही. मुकुट, राजदंड, हातात गोल असा एक अर्धपुतळा एका पानावर एका सम्राटाचा म्हणून येतो आणि काही पानांनी दुसऱ्याच नावाखाली हजर होतो. शहरांचंही तेच. एकच तटबंदीचं गाव निरनिराळ्या देशांतल्या शहरांची नावं लावून उभं राहतं.

आपल्याला ही फसवणूक वाटते. त्या वाचकाला तसं वाटलं नसावं. ते चित्र ‘इथे एका सम्राटाची हकीकत आहे’ असं सांगणारी खूण होतं. सलग मजकुराच्या मोठ्या पानावर ते मुखवटे म्हणजे जागा सापडण्याची सोय. शिवाय सहाशेपेक्षा जास्त ठसे कोरून झाल्यावर आणखी हजार कोरायचे पैसे कुणाकडे होते? एवढं करूनही १५०९ मध्ये भागीदारांनी शेवटचा हिशेब केला तेव्हा बऱ्याच प्रती न विकता पडून होत्या. त्याला एक कारण आउग्सबुर्गचा योहान श्योन्स्पेर्गर. त्यानं १४९६ पासून याच पुस्तकाच्या लहान आकाराच्या, स्वस्त नकली आवृत्त्या बाजारात आणल्या होत्या.

मग त्याच पुस्तकातलं रोम शहराचं चित्रही काल्पनिक आहे का?

नाही, तिथे कष्ट घेतले आहेत. कोलोसियम, पँथिऑन, सांतांजेलोचा किल्ला ओळखता येतात. हे चित्र इटलीतल्या आधीच्या एका मोठ्या छापील दृश्यावरून आलं असं मानतात. न्यूरेंबर्ग शहराचं दोन पानी चित्र तर त्यांनी घराच्या गच्चीतून पाहिल्यासारखं काढलं आहे. जिथे माहिती मिळाली तिथे खरं शहर, जिथे मिळाली नाही तिथे नमुन्याचं शहर, आणि दोन्हींमधला फरक वाचकाला कुठेही सांगितलेला नाही.

स्ट्रासबर्गच्या ग्र्यूनिंगरचं नाव एवढं का घेतात?

योहान ग्र्यूनिंगरनं ठशांच्या बाबतीत एक वेगळी युक्ती काढली. १४९६ मध्ये त्यानं टेरेन्सची रोमन नाटकं छापली. त्यात पात्रं, झाडं, घरं यांचे सुटे उभे ठसे केले आणि प्रसंगाप्रमाणे ते शेजारी शेजारी लावले. एक तरुण, एक झाड, एक म्हातारा, एक दरवाजा, की झाला प्रवेश. पुढच्या प्रवेशात तोच तरुण आणि दुसरा दरवाजा. जवळून पाहिलंत तर दोन ठशांच्या मधली बारीक पांढरी फट दिसते आणि जमिनीची रेषा एकमेकींना जुळत नाही. खिळे जुळवतात तसं त्यानं चित्र जुळवलं.

१५०२ मध्ये त्यानं व्हर्जिल काढला, संपादक झेबास्टियान ब्रांट, दोनशेच्या वर मोठी चित्रं. व्हर्जिल हा कवी, इतिहासकार नव्हे, पण रोमची उत्पत्ती लोक त्याच्याच महाकाव्यातून शिकत. ब्रांटनं स्पष्ट म्हटलं आहे की ही चित्रं शिकलेल्यांइतकीच न शिकलेल्यांसाठीही आहेत. ट्रॉय शहराला इथे उत्तर युरोपातल्या घरांसारखी उतरती कौलारू छपरं आहेत, आणि चित्रं इतकी दाट आहेत की पांढरा कागद शोधावा लागतो. व्हेनिसच्या मोकळ्या बाह्यरेषांशेजारी हे पान ठेवून बघावं.

माइंझच्या १५०५ च्या लिव्हीचं महत्त्व चित्रांपुरतंच आहे का?

चित्रं दोनशेहून अधिक आहेत आणि बेर्नहार्ट शोफर्लिन व इव्हो व्हिटिश यांचं जर्मन लेखनही महत्त्वाचं आहे. पण हे पुस्तक दुसऱ्याच कारणासाठी उद्धृत केलं जातं. माक्सिमिलियनला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत म्हटलं आहे की छपाईची कला माइंझ शहरात १४५० मध्ये योहान गुटेनबर्गनं शोधली आणि योहान फुस्ट व पेटर शोफर यांनी ती पूर्णत्वाला नेली. मुद्रक योहान शोफर हा पेटरचा मुलगा आणि फुस्टचा नातू. पुढे याच घराण्याच्या पुस्तकांत गुटेनबर्गचं नाव गळतं आणि सगळं श्रेय आजोबांकडे जातं. रोमच्या इतिहासाच्या पुस्तकात छपाईच्या इतिहासाचा असा एक कबुलीजबाब अडकून राहिला आहे.

रोमन चेहरे खऱ्यासारखे कधी दिसायला लागले?

नाण्यांमुळे. रोमन नाण्यांवर सम्राटाचा चेहरा आणि भोवती नाव असतं. इटलीत नांगराच्या फाळाला नाणी लागत, आणि संग्राहक ती वेड्यासारखी जमवत. १५१७ मध्ये रोममध्ये याकोपो माझोक्कीनं आंद्रेया फुल्व्हियोचं एक लहानसं पुस्तक छापलं. त्यात दोनशेच्या आसपास थोर स्त्री-पुरुष आहेत. प्रत्येकाचा चेहरा काळ्या गोलात पांढरा, बाजूनं पाहिलेला, भोवती नाण्यावरच्यासारखी अक्षरं, आणि खाली त्रोटक चरित्र.

सगळे चेहरे खऱ्या नाण्यांवरून घेतलेले नाहीत, काही सरळ कल्पनेतले आहेत. पण पानं उलटता उलटता मध्येच असा गोल येतो ज्याच्या भोवती नाव आहे, खाली चरित्र आहे आणि आत काहीच नाही. त्या व्यक्तीचं नाणं मिळालं नाही, म्हणून चेहरा छापला नाही. न्यूरेंबर्गला एका ठशावर अनेक सम्राट उरकले होते, त्याला जेमतेम चोवीस वर्षं झाली होती. मला पहिल्यांदा तो रिकामा गोल दिसला तेव्हा वाटलं पान खराब छापलं आहे. मग तसाच दुसरा दिसला, आणि लक्षात आलं की इथे कुणीतरी ‘माझ्याकडे पुरावा नाही’ हे चित्राच्या भाषेत सांगितलं आहे. या सगळ्या शंभर वर्षांत याहून मोठा बदल मला दिसत नाही.

पुढे योहान हुटिशनं स्ट्रासबर्गला १५२०च्या दशकात याच धर्तीवर सम्राटांची चित्रमाला काढली. १५५७ मध्ये अँटवर्पला हुबेर्ट गोल्त्सियसनं एकापेक्षा जास्त रंगांचे ठसे वापरून मोठी, देखणी नाणीचित्रं छापली आणि त्यानंही काही गोल रिकामे ठेवले. याच्या उलट ल्योंचा गीयोम रुइये. त्याच्या १५५३ च्या पुस्तकात आदम आणि ईव्हपासून सगळ्यांची ‘नाणी’ आहेत. पाहायला सुंदर, पण पुराव्याच्या बाबतीत तो मागे गेला.

सैन्य, पूल, छावण्या यांच्या चित्रांत असाच बदल झाला का?

झाला, आणि तो घडवला मजकूर बारकाईनं वाचणाऱ्यांनी. सीझरनं ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल बांधला आणि त्याचं वर्णन लिहिलं, खांब कसे तिरके रोवले, तुळया कशा अडकवल्या. ते वाचून पूल डोळ्यांसमोर उभा राहत नाही. फ्रा जोकोंदो हा पाद्री स्वतः स्थापत्यकार होता आणि त्यानं खरे पूल बांधले होते. त्यानं वाक्यावाक्यातून पुलाची जुळणी लावली. व्हेनिसच्या आल्दुस छापखान्यातून १५१३ मध्ये निघालेल्या सीझरमध्ये त्याचं ते चित्र आहे, शिवाय गॉलचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, नकाशा आणि वेढा पडलेल्या गावांची चित्रं आहेत. इथे चित्र गोष्ट सांगत नाही, अवघड वाक्याचा अर्थ लावतं.

ग्यिओम द्यु शूलचा रोमन छावण्या आणि लष्करी शिस्त यावरचा ग्रंथ १५५० च्या दशकात ल्योंला रुइयेनंच छापला. त्यातले सैनिक रोममधल्या ट्रेजनच्या विजयस्तंभावरून घेतलेले आहेत. पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत, लांबट ढाली, पायांत चपला. आज आपण चित्रपटांत जो रोमन शिपाई ओळखतो तो छापील पानावर असा हळूहळू आला.

चित्रांतले रंग मूळचे असतात का?

गोल्त्सियससारखे अपवाद सोडले तर छापताना फक्त काळी शाई. रंग हातानं भरलेले असतात, कधी लगेच, कधी दोन-तीनशे वर्षांनी विक्रेत्यानं किंमत वाढावी म्हणून. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत सीझरचा झगा एकीकडे लाल आणि दुसरीकडे हिरवा असू शकतो. रंग पाहून रोमन वेशभूषेबद्दल काहीही ठरवू नये.

रेषेत मध्येच गोल पांढरा ठिपका दिसतो, तो काय?

लाकडात किडा लागला. किडा ठशाला भोक पाडतो, तिथे शाई लागत नाही आणि काळ्या रेषेत टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा गोल उमटतो. लांब पांढरी चीर दिसली तर ठसा तडकला आहे. अभ्यासकांना याचा फार उपयोग होतो. एकाच ठशाच्या दोन छापांपैकी ज्यात भोकं जास्त तो नंतरचा. कागदालाच भोक असेल तर ते पुढच्या-मागच्या पानांतही त्याच जागी असतं आणि त्याला शाईशी देणंघेणं नसतं.

रोमन प्रसंग इतिहासाच्या पुस्तकांबाहेरही छापले जात का?

हो, आणि कधी कधी अगदी अनपेक्षित जागी. हान्स होल्बाइन धाकटा विशीच्या आत-बाहेर होता तेव्हा बाझेलच्या फ्रोबेन छापखान्यासाठी त्यानं मुखपृष्ठाची एक चौकट काढली. तिच्यात म्युशियस स्कीव्होलाची गोष्ट आहे. शत्रूचा राजा पोर्सेना समजून त्यानं दुसऱ्यालाच मारलं आणि मग आपला उजवा हात पेटत्या विस्तवात धरला. ही चौकट ज्या पुस्तकांना लावली त्यांतल्या अनेकांचा रोमशी काही संबंध नव्हता. गोष्ट इतकी ओळखीची झाली होती की ती नक्षीच्या जागी बसू शकत होती.

लाकडी ठशांच्या चित्रांचा हा प्रकार कधी संपला?

एकदम नाही. १५६० आणि १५७० च्या दशकांत फ्रँकफुर्टच्या झिगमुंट फायराबेंडनं योस्ट आमानच्या ठशांनी लिव्ही पुन्हा सजवला आणि तेच ठसे काढून नुसत्या चित्रांची, खाली कविता असलेली पुस्तकंही विकली. पण १५७५ मध्ये स्थापत्यकार पाल्लादिओनं व्हेनिसला सीझर काढला तो तांब्याच्या पत्र्यावरच्या चित्रांनी. फौजांची मांडणी दाखवायला त्याला ज्या बारीक रेषा हव्या होत्या त्या लाकडात निघाल्या नसत्या. महागडी पुस्तकं तांब्याकडे गेली आणि लाकूड स्वस्त छपाईत राहिलं.

भारतात ही कला त्या काळी आली होती का?

छापखाना आला. १५५६ मध्ये गोव्यात उतरलेलं यंत्र खरं तर इथिओपियाला जायचं होतं, ते इथेच राहिलं आणि सेंट पॉल कॉलेजात चालू झालं. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्यानं काढला, त्यात लाकडी ठशांची काही चित्रं आहेत. या छापखान्याचं आज संग्रहालय झालं आहे आणि तिथे सुमारे १४,००० जुने लाकडी ठसे जपलेले आहेत. रोमन इतिहासाची चित्रं मात्र गोव्यात छापली गेली नाहीत.

मराठीत जुन्या छापील पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. दोला म्हणजे पाळणा. युरोपात १५०० पर्यंतच्या पुस्तकांना पाळण्याच्या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे, त्यावरून हा आला.

ही पुस्तकं कुठे पाहता येतील, आणि सुरुवात कशानं करावी?

म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर या काळातली असंख्य पुस्तकं पूर्ण स्कॅन केलेली आहेत आणि ती मोफत पाहता येतात. भाषा येत नसली तरी चालतं. वर्ष आणि गाव टाकून शोधा. चित्र पूर्ण मोठं करून बघा, लहान आकारात चाकूचं काम दिसत नाही.

सुरुवातीला न्यूरेंबर्गचा १४९३ चा इतिहास घ्या. रोमन सम्राटांची पानं उघडा, मनात बसेल असा एक चेहरा निवडा, त्याची दाढी आणि मुकुटाची टोकं नीट पाहून ठेवा, पानाचा क्रमांक लिहून घ्या. मग एक एक पान पुढे सरकत राहा, तो परत कुठल्या नावानं भेटतो ते बघा.